रिपोर्टची भीती ओसरल्यावर

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट येतो. एचबीएवनसीच्या रकान्यात ६.१ हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. डॉक्टर समजावून सांगतात, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. चालायला लागा, गोड कमी करा, तीन महिन्यांनी परत दाखवा." त्या संध्याकाळपासून चहातली साखर बंद होते. दुसऱ्या दिवशी नवे बूट येतात, पहाटेचा गजर लागतो. पंधरा-वीस दिवस सगळं नीट चालतं. मग एका सकाळी पाऊस पडतो, किंवा मुलाची परीक्षा येते, किंवा गावाहून पाहुणे येतात, आणि बूट चपलांच्या स्टँडच्या सगळ्यात खालच्या फळीवर जाऊन बसतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे असा रिपोर्ट आपल्या ओळखीच्या बहुतेक प्रत्येक घरात आहे. गजर लागून बंद होण्याची ही गोष्टही त्यातल्या कितीतरी घरांत घडलेली आहे. अशा वेळी माणूस स्वतःबद्दल एकच निष्कर्ष काढतो: "माझ्यात इच्छाशक्तीच नाही." मला हा निष्कर्ष पटत नाही, आणि तो अन्यायाचाही वाटतो. हीच माणसं वीस-वीस वर्षं पहाटे उठून मुलांचे डबे करतात, लोकलच्या गर्दीत उभं राहून नोकरी करतात, कर्जाचा एक हप्ता चुकू देत नाहीत. त्यांच्याकडे नेटाची कमतरता नाही. कमतरता असते ती कारणाची. चालायचं कारण डॉक्टरांचं होतं, भीती रिपोर्टची होती, आणि दोन्ही आपल्या आत मुरलेलं नव्हतं.

भीती सुरुवात करून देते, पण तिला सतत खुराक लागतो. दाढ दुखत असेल तर आपण दवाखान्यात जातोच, कारण ती दर तासाला आठवण करून देते. रक्तातली साखर थोडी वाढलेली असताना मात्र काहीच दुखत नाही. जेवण जातं, झोप लागते, कामं होतात. शरीराकडून एकही तक्रार येत नसताना केवळ कागदावरच्या आकड्याला माणूस किती दिवस घाबरून राहणार? भीती ओसरणं अगदी स्वाभाविक आहे. ती ओसरायच्या आत तिच्या जागी दुसरं काहीतरी आणून ठेवायला हवं, आणि ते आपलं स्वतःचं असायला हवं. या लेखात ते कसं शोधायचं आणि टिकवायचं हे सांगायचं आहे.

आधी एक शंका दूर करू. एवढ्या चालण्याने आणि खाण्यातल्या बदलाने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. उंबरठ्यावरच्या ज्या लोकांनी राहणी बदलली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. राहणी बदलायची म्हणजे काय, तर आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तेवढाच व्यायाम, आणि वजनात ७ टक्के घट. ८० किलोच्या माणसासाठी ही घट साडेपाच किलोंच्या आसपास येते. आपल्याला अधिक जवळचा अभ्यास चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर केलेल्या त्या अभ्यासात, २००६ च्या अहवालानुसार, राहणी बदलणाऱ्यांचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. ही घट औषध घेणाऱ्यांइतकीच होती, आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यातली एक गोष्ट तर प्रत्येक वजनकाट्याशेजारी लिहून ठेवावी अशी आहे: या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही धोका कमी झाला. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडून देणारे आपल्याकडे असंख्य आहेत. त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

"मी तर बारीकच आहे" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण पुरेसं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरयष्टी दिसायला सडपातळ असली तरी आत चरबी साठवून असते. त्यामुळे आरशावर भरवसा ठेवून चालत नाही.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासात राहणी बदलणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला एक मार्गदर्शक दिलेला होता. पहिल्या सहा महिन्यांत सोळा धडे आणि समोरासमोर बसून बोलणं. आपल्याला ओपीडीत मिळतात फार तर पाच मिनिटं. तेव्हा त्या मार्गदर्शकाचं काम आपल्यालाच करावं लागणार. त्यासाठी एक चांगलं साधन आहे. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्या लोकांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. उपदेश करायचा नाही, बदलाचं कारण त्या माणसाच्या तोंडून येऊ द्यायचं, हा तिचा गाभा. याच पद्धतीत पुढे एक साधा प्रश्न रूढ झाला. शून्य ते दहाच्या पट्टीवर, रोज चालणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? समजा, उत्तर आलं चार. आपल्या नेहमीच्या सवयीने पुढचा प्रश्न असतो, "चारच का? दहा का नाही?" तो विचारायचाच नाही. तो विचारला की माणूस स्वतःच्या अडचणींची यादी सांगतो, आणि सांगता सांगता ती त्यालाच पटत जाते. विचारायचं ते उलट बाजूने. दोन बहिणींचं बोलणं कल्पून पाहा:

"ताई, चार म्हणालीस. एक का नाही म्हणालीस?"

"एक कसं म्हणू? अगदीच महत्त्वाचं नाही असं नाही ना गं."

"मग काय आहे त्यात महत्त्वाचं?"

"मागच्या खेपेला आईला घेऊन जेजुरीला गेलो ना, तर पायऱ्या चढताना आई पुढे आणि मी मागे. मधे दोनदा टेकले. पंचाहत्तर वर्षांची बाई वर उभी राहून माझी वाट बघत होती. लाज नाही वाटली, भीती वाटली. पुढे तिला धरून न्यायची वेळ येईल तेव्हा मला कोण धरणार?"

ताईचं कारण सापडलं. रिपोर्टमध्ये ते कुठेच छापलेलं नव्हतं. डॉक्टरांना ते सांगता आलं नसतं, नवऱ्यालाही नाही. पुढच्या वर्षी आईसोबत, तिच्या बरोबरीने, न टेकता जेजुरी चढायची. आता पहाटे पाऊस पडत असला तरी या कारणात दम आहे.

हा प्रश्न एखाद्या मैत्रिणीला किंवा भावाला विचारायला सांगा, नाहीतर एकट्याने वही घेऊन बसा. उत्तर मनात ठेवू नका, पूर्ण वाक्यात लिहा. "आरोग्य चांगलं राहावं" एवढं लिहून थांबलात तर पुन्हा विचारा: आरोग्य चांगलं राहून मला काय करायचं आहे? कोणाबरोबर? कुठे? कोणाला सणाच्या पंगतीत मांडी घालून बसायचं असतं आणि गुडघे बसू देत नाहीत. कोणाला दुपारी तीन वाजता मीटिंगमध्ये डोळे मिटतात त्याची चिंता असते. कोणी संध्याकाळी थकून घरी येऊन मुलांवर खेकसतो आणि रात्री त्याचं त्यालाच वाईट वाटतं. कोणाला पैठणीवरचा जुना ब्लाऊज पुन्हा घालायचा असतो, आणि तेवढ्या कारणासाठी हे करतोय असं सांगायला संकोच वाटतो. संकोच करू नका. कारण उदात्त असण्याची गरज नाही, ते खरं असलं की पुरे. फक्त तारखेला बांधलेल्या कारणांपासून जपा. "मुलीच्या लग्नापर्यंत दहा किलो" असं ठरवलं की अक्षता पडल्या त्या दिवशी कारण संपतं. त्यानंतरच्या जेवणावळींना अडवायला मग काहीच उरत नाही.

त्याच पट्टीवर दुसराही प्रश्न विचारा: हे मला जमेल असा विश्वास किती? महत्त्व आठ आणि विश्वास तीन, असं उत्तर आलं तर कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. बेत फार मोठा झाला आहे. पाऊण तास चालायचं ठरवलं असेल तर दहा मिनिटांवर या. विश्वास सात-आठच्या घरात येईपर्यंत बेत लहान करत राहा. आणि महत्त्वच दोन-तीन असेल तर ती सवय सध्या बाजूला ठेवा, दुसरी निवडा. लोक काय म्हणतील या धाकाने पहाटेचा योगवर्ग लावण्यापेक्षा रात्रीचं जेवण साडेआठला आणणं तुम्हाला मनापासून हवं असेल, तर तेच आधी करा.

मिशिगन विद्यापीठाच्या मिशेल सेगर यांनी मध्यमवयीन स्त्रियांच्या व्यायामाचा बराच अभ्यास केला आहे. त्यांना दिसलं ते असं: वजन कमी करण्यासाठी किंवा पुढचे आजार टाळण्यासाठी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, आज बरं वाटावं, डोकं शांत व्हावं म्हणून व्यायाम करणाऱ्या स्त्रिया तो अधिक टिकवतात. कारण सरळ आहे. दहा वर्षांनी न होणाऱ्या आजाराचा आनंद आज कसा होणार? आज काय मिळालं, हे आजच कळायला हवं.

त्यासाठी आपल्या घरात एक जुनी, तयार गोष्ट आहे, शतपावली. वॉशिंग्टनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांवर एक छोटा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ चे. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर, सकाळी एकदाच पाऊण तास चालण्याइतकीच ताब्यात राहिली. रात्रीच्या जेवणानंतरची उसळी रोखण्यात तर हे छोटं चालणं अधिक उपयोगी ठरलं. आपल्याकडे मुख्य जेवण बहुतेक घरांत रात्रीचं, तेही उशिरा, आणि जेवून उठलं की सोफा. शंभर पावलांऐवजी ती फेरी पंधरा मिनिटांची केली, तर पहाटेचा गजर न लावताही आठवड्याचा शंभर मिनिटांहून जास्त हिशेब जमतो. वेग एवढा ठेवावा की सोबतच्या माणसाशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

घरात ग्लुकोमीटर असेल तर एक गोष्ट आवर्जून करून पाहा. एका रात्री जेवून नेहमीसारखे बसा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजा. दुसऱ्या रात्री तेच जेवण, तेवढंच, त्याच वेळी घ्या, नंतर पंधरा मिनिटं चाला आणि पुन्हा दोन तासांनी मोजा. आकडे माणसागणिक वेगळे येतील, एका रात्रीवरून शास्त्रीय निष्कर्ष काढायचाही नाही. पण आपल्या बोटाच्या थेंबातून आलेल्या आकड्याला जे वजन असतं, ते वर्तमानपत्रातल्या कुठल्याच आकड्याला नसतं. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी चालण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखणं, चालताना अतिशय धाप लागणं असं काही होत असेल तर आधी तपासणी, मग बूट. मीटर नसेल तर कॅलेंडरच्या चौकटीत रात्री एक-दोन शब्द लिहा: झोप कशी लागली, सकाळी पोट साफ झालं का, चिडचिड किती झाली. महिन्याचं पान उलटताना ते शब्द एकत्र वाचा.

आता कारण सापडलं, रोजचा लाभही दिसला. तरी रोज सकाळी "जाऊ की नको" हा वाद मनाशी घालावा लागत असेल तर माणूस दमतोच. तो वाद संपवणं म्हणजे सवय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांना रोजच्या एखाद्या ठरावीक घटनेला जोडून एक नवी कृती करायला सांगितली, उदाहरणार्थ न्याहारी झाली की अमुक. ती कृती विचार न करता होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. 'एकवीस दिवसांत सवय' असं सांगणाऱ्या पुस्तकांनी कित्येकांना बाविसाव्या दिवशी उगाच अपराधी वाटायला लावलं आहे. याच अभ्यासात मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा आली नाही, हेही दिसलं.

कृती कशाला जोडायची, हे ज्याच्या त्याच्या घराच्या घड्याळावर अवलंबून आहे. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या. मुलाला स्कूलबसपर्यंत सोडलं की तिथूनच पुढे फेरी मारायची. मधे घरी यायचं नाही, कारण एकदा दार उघडून आत आलात की ओट्यावरची भांडी तुम्हाला परत जाऊ देणार नाहीत. "उद्यापासून व्यायाम करेन" या वाक्यात वेळही नाही आणि जागाही नाही. "बस निघाली की बँकेच्या चौकापर्यंत जाऊन येईन" या वाक्यात दोन्ही आहेत. पावसाळ्याची सोय मे महिन्यातच ठरवून ठेवा. जून ते सप्टेंबर म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. तेवढे दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्यावर की घरातच, हे आधी ठरलेलं असलं तर पहिल्या सरीत सगळं वाहून जात नाही.

चालण्याला जायचं ठिकाण असलं तर फार मदत होते. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्यांमध्ये साठी-सत्तरीच्या कितीतरी आज्या असतात. त्यांपैकी कोणीही वजन कमी करायला निघालेलं नसतं. विठ्ठल गाठायचा असतो, दिंडीतली माणसं सोबत असतात, आणि आजचा मुक्काम कुठे हे ठरलेलं असतं. रोजच्या आयुष्यात एवढं मोठं ठिकाण नसेलही. तरी दूध आणायला पुढच्या चौकातल्या डेअरीवर, वाचनालयात पुस्तक बदलायला, मारुतीच्या देवळात, नातवाला बालवाडीत सोडायला अशी ठिकाणं सापडतात. नुसत्या गोल ट्रॅकवर चकरा मारण्याचा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी स्वतःला आळशी समजू नये, ठिकाण बदलून पाहावं.

दहा हजार पावलांच्या धाकाबद्दलही थोडं. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि फायद्याची चढण ७,५०० च्या आसपास सपाट झाली. तेव्हा घड्याळाने साडेपाच हजार दाखवले म्हणून दिवस वाया गेला, असं मानू नका.

खाण्याच्या सवयींचं गणित जास्त अवघड आहे, कारण चालणं एकट्याचं असतं आणि स्वयंपाक सगळ्या घराचा. साखरेपासून सुरुवात करणं सोपं. दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून तीस-चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एका रात्रीत साखर बंद करणाऱ्याला चहाच नकोसा होतो आणि तो आठवड्यात जुन्या मापावर परततो. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही. पाहुण्यांसाठी साखरेचं भांडं वेगळं ठेवलं की पाहुणचारातही उणं राहत नाही. उपवासाच्या बाबतीत मी सांगेन की श्रद्धेने केलेला उपास मोडू नका. तो तुमचा स्वतःचा नेम आहे, त्यात तुमचं मन आहे. फक्त साबुदाण्याच्या थाळीभर खिचडीऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर घ्या. नेमही राहील आणि पोटावर भारही येणार नाही.

घरातल्या बाईच्या सवयींबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. ती सगळ्यांत शेवटी जेवते, उरलेला भात टाकवत नाही म्हणून संपवते, आणि तिच्या फिरायला जाण्याची वेळ घरातल्या कोणाच्याही कामापुढे सगळ्यांत आधी रद्द होते. तिला "मनावर घे" म्हणून उपदेश करणं अन्याय्य आहे. तिच्यासाठी पहिलं पाऊल असं: सकाळची किंवा संध्याकाळची अर्ध्या तासाची वेळ घरात मोठ्याने जाहीर करायची, आणि त्या वेळात नाश्ता, दूधवाला, दाराची बेल हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लिहायचं. पोहे थोडे कच्चे राहिले तरी ते खायची तयारी घराने ठेवावी. उरलेला भात पोटात घालण्याऐवजी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा, किंवा दुसऱ्या दिवसापासून वाटीभर तांदूळ कमी धुवावेत.

सोबतीचं मोल मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या, कोल्हापुरात रंकाळा, मुंबईत शिवाजी पार्क, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं सकाळी येणारे गट पाहा. त्यांतला एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. मोबाइलच्या गटावर पावलांचे आकडे टाकण्यापेक्षा गेटपाशी आपली वाट पाहत उभा असलेला एक माणूस जास्त कामाचा असतो. घरच्यांनी मात्र पोलीस होऊ नये. "आज गेला नाहीत ना?" असं विचारलं की चालणं नवऱ्याचं राहत नाही, बायकोचं होतं, आणि मग ते टाळण्यात त्याला स्वातंत्र्य वाटू लागतं. त्याऐवजी, "मी चप्पल घालतेय, येताय का?" एवढं म्हणून खरंच बाहेर पडावं. आले तर छान, नाही आले तरी आपण जावं.

खंड पडणारच. गणपती, दिवाळी, लग्नसराई, ताप, गावाकडचं मयत. यातलं निम्मं आपल्याला आधीपासून माहीत असतं, म्हणून त्या दिवसांचा आधीच विचार करावा. गौरी-गणपतीत फेरी होणार नाही हे मान्य करा आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कोणासोबत, किती वाजता, हे गणेश चतुर्थीच्या आधीच ठरवा. अगदी गडबडीच्या दिवशी दाराबाहेर जाऊन दोन मिनिटांत परत या. आठवड्याच्या हिशेबात त्याला किंमत नसेल, पण कुकरची शिट्टी किंवा बसची वेळ आणि चप्पल यांचं जे नातं जुळत आलं आहे, ते तुटत नाही. एक दिवस चुकला तर त्यावर विचार करू नका, दुसरा चुकला तर जरूर करा.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासाल. तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण चार महिन्यांचं असतं, म्हणून एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. त्याआधी उतावीळ होऊन तपासण्यात हशील नाही. आकडा ५.६ आला तर आनंद करा. पण सवय सुटण्याचा सगळ्यांत मोठा धोका याच आठवड्यात असतो, कारण उरलीसुरली भीतीही आता गेलेली असते. त्या दिवशी वहीतला प्रश्न पुन्हा काढा, उत्तर नव्याने लिहा. तीन महिन्यांपूर्वीचं कारण शिळं झालं असेल. ताईची जेजुरी झाली असेल, आता कदाचित तिला पहाटेचा तो अर्धा तासच हवासा वाटू लागला असेल, कारण दिवसभरात फक्त तेवढाच वेळ तिला कोणी हाक मारत नाही. हेही कारणच आहे, आणि फार बळकट कारण आहे.

काही वाचक हे सगळं स्वतःसाठी वाचत नसतील. वडिलांची साखर वाढली आहे, ते ऐकत नाहीत, त्यांना काय सांगावं, म्हणून वाचत असतील. त्यांनी वडिलांना यातला एकही आकडा ऐकवू नये. एखाद्या निवांत दुपारी शेजारी बसून विचारावं, "बाबा, तुम्हाला अजून काय काय करायचंय?" आणि मग गप्प राहावं. उत्तर यायला वेळ लागेल. ते म्हणतील, काही नाही रे, आता काय राहिलंय. थोडं थांबलात तर हळूहळू निघेल: गावाकडच्या विहिरीपाशी एकदा जाऊन यायचंय, किंवा जुन्या मित्रांचा कट्टा पुन्हा सुरू करायचाय, पत्ते खेळायचेत. मग कट्ट्यावर रिक्षाने सोडू नका. वाटेत बसायला कुठे बाक आहे का ते आधी बघून ठेवा आणि पहिले काही दिवस त्यांच्यासोबत चालत जा. रस्त्यात तब्येतीबद्दल बोलू नका, विहिरीबद्दल विचारा.